पहिला रोजा

"पोट आत घे," म्हणत झोहरामावशीनं शामाच्या कफ्तानाचा जरीचा पट्टा करकचून ओढला. "उपाशीच आहेस ना गं? की गुपचूप काही हाणलंस?"

"थुंकीसुद्धा गिळली नाही!"

तेतुआन शहरातल्या त्या घरात आज दहा वर्षांच्या शामाचा पहिला रोजा होता. हातांवर मेंदी, डोक्यावर मुकुट, रिवाजाप्रमाणे नवरीसारखा थाट. मावळतीची बांग झाली की नवरीच्या उंच आसनावर आई तिला सगळ्यांदेखत दूध-खजूर भरवणार होती. आईचा आख्खा दिवस असा तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता. एरवी आई वियामची. वियामची सुई, वियामची साखर, वियामनं पाव किती खाल्ला. थोरलीच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, म्हणून तिला रोजा मना, आणि आई झोपायचीही तिच्याच खोलीत. आपल्याला साधा तापही येत नाही, याचं शामाला वाईट वाटे.

आत्ताही, शामा आसनावर जाऊन बसली तरी, आई दाराकडे बघत होती.

"वियाम कुठे दिसत नाही ती?"

"आज तरी माझ्याकडे बघ ना!"

तेवढ्यात वियाम आलीच. घामानं डबडबलेली. चौकट धरायला गेलेला हात हवेतच राहिला आणि ती मटकन खाली बसली.

आई धावली. आजच! शामाच्या मनात आलं. मुद्दाम! ती आसनावरून हलली नाही.

मावशीनं वियामच्या बोटाचं रक्त तपासलं. "साखर पार खाली गेलीय!"

"सुई तर माझ्यासमोर घेतलीस." आईनं सरबताचा पेला तिच्या ओठांना लावला. "मग जेवली नाहीस?"

मावशीनं खोलीतून ताट आणलं. पलंगाखाली झाकून ठेवलेलं, सकाळचं आणि दुपारचं, दोन्ही जेवणं तशीच.

शामानं मान लांब केली. बहिणीच्या उजव्या तळहातावर मेंदीचं एक वाकडंतिकडं फूल होतं. तिनं स्वतःच, डाव्या हातानं काढलेलं.

बाहेर बांग झाली. आसनाकडे कुणी बघितलं नाही. शामा स्वतःच खाली उतरली.

वियामच्या ओठांना हळूहळू रंग आला. तिनं शामाची बाही ओढली.

"खरं सांग. सरबत आधी, की बांग आधी?"

आई हातातल्या पेल्याकडे बघत राहिली. शामानंही पेल्याकडे पाहिलं.

"बांग," ती म्हणाली. "तुला ऐकू आली नसेल. सरक तिकडे."

आणि ती दोघींच्या मध्ये, आईला चिकटून बसली.