डुलकी घेणारा टायमर

आईच्या उशाशी लावलेला वेदनाशामक औषधाचा पंप लेकीच्याच कंपनीचा होता, आणि त्याच्या आतलं कर्नेल, म्हणजे सगळं चालवणारा मूळ प्रोग्रॅम, तिच्या हातचं. टायमरने ठरावीक वेळाने कर्नेलला टोचायचं, कर्नेलने ते टोचे मोजायचे आणि त्या हिशोबाने औषध सोडायचं, एवढाच सगळा कारभार.

टायमर दोन होते. एक प्रोसेसरच्या आतला, चटपटीत. दुसरा वेगळ्या चिपमधला, विचारलं की आळोखेपिळोखे देत उत्तर देणारा. तिने चटपटीत निवडला.

ऑफिसातल्या टेस्टिंगवाल्याने नाक मुरडलं होतं. "प्रोसेसर झोपला की हा पण थांबेल ना?"

"टेबलावर एकदा तरी थांबलाय का?" म्हणून तिने त्याला गप्प केलं.

घरी आई तळमळायची. "अगं, औषध उशिरा येतंय."

"आई, पंप सेकंदभर चुकत नाही. हे बघ." ती पंपाच्या पडद्यावरची वेळ दाखवायची.

"आजारपणात माणूस हळवं होतं," दादा म्हणाला. मग आईने बोलणंच सोडलं. उशीचं टोक दातांत धरून पडून राहायची. आणि खोटं कशाला बोला, लेकीला तिचा राग यायचा.

एकदा टेस्टिंगवाल्याने दुसऱ्या बोर्डासाठी तिच्या टेबलावरच्या पंपाची डीबगिंगची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची, केबल काढून नेली. ती जेवून आली तर पंपाचं घड्याळ भिंतीवरच्यापेक्षा बरंच मागे पडलेलं. केबल लावलेली असली की प्रोसेसर झोपतच नाही, हे तिला कॉलेजपासून ठाऊक होतं. टेबलावर केबल कायम लावलेली, घरी कोण लावणार? तिथे बॅटरी वाचवायला प्रोसेसर डुलकी घ्यायचा, टायमर थांबायचा, दोन डोसांमधलं अंतर वाढायचं. पडद्यावर मात्र सगळं वेळेवर, कारण तो पडदाही त्याच टायमरवर चालायचा. पंप खरं बोलतोय का, हे ती पंपालाच विचारत बसली होती.

तिने घरी आईजवळ असलेल्या नर्सला फोन करून आईचा पंप बंद करायला लावला, साहेबांना सांगून बाकीच्या रुग्णांचेही पंप थांबवले आणि घर गाठलं. नर्सने दिलेल्या इंजेक्शनने आई जरा निवली होती.

"आई, माझं चुकलं. औषध खरंच उशिरा येत होतं."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मला खरंच दुखत होतं?"