सरबताची खुर्ची

टायरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये पालकांसाठी एक लांब बाक होता. संध्याकाळी त्या बाकावरच्या गप्पा ऐकल्या असत्या तर कुणालाही वाटलं असतं, की गावात साथ आलीय आणि ही मंडळी आजारी पोरं घेऊन रांगेत बसलीत.

"आमच्याला काल दोनदा उलटी झाली," बँकेतला कारकून म्हणाला.

"दोनदा? वा!" औषधांच्या दुकानातल्या बाईंच्या आवाजात कौतुक होतं, पण जळफळाटही लपला नव्हता. "आमची नुसती पांढरीफटक पडते. उलटीपर्यंत जातच नाही मेली."

"जाईल हो. लहान आहे अजून."

बाकाच्या टोकाला बसलेला लिफ्टवाला गालातल्या गालात हसला. तो लिफ्ट दुरुस्त करत दिवसभर इमारती पालथ्या घालायचा आणि संध्याकाळी कपड्यांवरचं ग्रीस न धुता इथे येऊन बसायचा. त्याची तेरा वर्षांची मुलगी पहिल्या रांगेत वजन उचलत होती. तिला वेटलिफ्टिंग शिकवणाऱ्या सरांनी 'मुंगी' हे नाव दिलं होतं. मुंगी स्वतःच्या कितीतरी पट ओझं उचलते, असं सर नेहमी सांगत. मुंगी जगते किती, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'शरीर मातीचं, मन पोलादाचं.' सरांचा सगळा जोर मनावर होता, कारण त्यांची स्वतःची कंबर तरुणपणीच कामातून गेली होती. शिट्टी हातातून पडली तर त्यांना वाकता येत नसे. मग एखादं पोर धावत जाऊन ती उचलून देई, आणि सर म्हणत, "शाब्बास. चपळता."

पण या वर्गाची ख्याती झाली होती ती खुर्चीमुळे.

सर कधी कुणावर हात उगारत नसत. ओरडतही नसत. एखादं पोर 'दुखतंय' म्हणालं, की ते प्रेमाने त्याला जवळ घेत आणि कोपऱ्यातल्या गादीच्या खुर्चीवर नेऊन बसवत. पंखा त्याच्याकडे वळवत. हातात लिंबू सरबताचा ग्लास देत. "तू आराम कर हं, बाळा." मग उरलेल्या सगळ्यांकडे वळून म्हणत, "याला दुखतंय. याच्या वाटणीच्या पन्नास बैठका तुम्ही काढा." खुर्चीवरच्याने सरबत पीत समोर बघत राहायचं, हा नियम. मान वळवली की मोजणी पुन्हा एकपासून.

एकदा बसलेलं पोर त्या खुर्चीवर दुसऱ्यांदा बसत नसे. दुखण्याचं प्रमाण इतकं झपाट्याने खाली आलं, की आजूबाजूच्या शाळांचे मास्तर खुर्ची बघायला येऊ लागले. एकाने तर तिचं माप घेऊन नेलं.

पालकांच्या सभेत सर म्हणाले, "इथे पोलाद आणि घरी लोणी, असं चालणार नाही. घरीसुद्धा हेच वातावरण पाहिजे."

लिफ्टवाल्याने ते मनावर घेतलं.

एका रविवारी दुपारी मुंगी पाण्याची बादली उचलायला वाकली आणि तशीच थांबली. "बाबा, कंबरेत काहीतरी टोचतंय."

लिफ्टवाल्याला भरून आलं. आपल्या घरीही ही वेळ आली! त्याने स्वयंपाकघरात खुर्ची ओढली, तीवर उशी ठेवली, स्वतःच्या हाताने लिंबू पिळलं. ग्लास मुंगीच्या हातात देऊन तो बायकोला म्हणाला, "चल. तू आणि मी. पन्नास."

"पन्नास काय?"

"बैठका. हिला दुखतंय ना, मग आपण काढायच्या."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? माझ्या गुडघ्यांची काय अवस्था आहे माहितेय ना?"

"सरांनी सांगितलंय."

"मग सरांच्या बायकोला सांगा काढायला."

पण बोलता बोलता तिने पदर खोचला. बापाचा शब्द पोरीसमोर पडू नये, या खुळापायी बायका काय काय करतात याला गणती नाही. ओट्याची कड धरून ती खाली बसली, वर आली, पुन्हा बसली. तिचे गुडघे वाळक्या काटक्यांसारखे वाजत होते. शेजारी नवरा मोठ्याने आकडे म्हणत होता. चार-पाच बैठकांतच तिच्या तोंडून कण्हणं बाहेर पडलं.

"आई, थांब ना," मुंगी म्हणाली. सरबत हिंदकळून तिच्या फ्रॉकवर सांडलं. "नाही दुखत. खरंच नाही दुखत. गेलं."

"बघ!" लिफ्टवाला हर्षाने म्हणाला. "गोळीलासुद्धा अर्धा तास लागतो."

त्यानंतर मुंगीला कधीच काही दुखलं नाही. ती पालथी झोपू लागली. बुटाची नाडी बांधायला वाकण्याऐवजी पाय जिन्याच्या पायरीवर ठेवू लागली. खाली पडलेली पेन्सिल पायाच्या बोटांत धरून वर घेऊ लागली. बापाला ती तिची नवीन कला वाटली आणि त्याने ती शेजाऱ्यांना करून दाखवायला लावली.

"पोरगी वाकत नाहीये हो," आई म्हणाली.

"ताठ कणा आहे तिचा. माझ्यावर गेलीय."

मग एका संध्याकाळी, वजनाचा बार छातीपर्यंत आलेला असताना, मुंगीचा डावा पाय खालून निघून गेल्यासारखी ती मटकन खाली बसली. बार धाडकन पुढे पडला. सर म्हणाले, "लक्ष कुठे आहे?" मुंगी म्हणाली, "सॉरी सर." पण तिला उठता येईना. शेवटी बापाने उचलून घरी आणली आणि आईने, नवऱ्याला न विचारता, रिक्षा थांबवली.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी मुंगीला टेबलावर पालथं झोपवलं आणि पाठीचा एकेक मणका दाबत खाली आल्या.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

मुंगीच्या कपाळावर घाम डवरला. टेबलाची कड तिने इतकी घट्ट धरली की नखं पांढरी झाली. मान वळवून तिने आईच्या पायांकडे पाहिलं. "नाही."

"बाळा, इथे तुला कुणी रागावणार नाही."

"माहितेय."

"मग खरं सांग. काय दुखतं?"

"आईचे गुडघे," मुंगी म्हणाली.

डॉक्टरीणबाई क्षणभर गोंधळल्या. पेशंट नक्की कोण, असा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी विचारलं, "त्यांना पण तपासू का?" त्यावर आईने तोंडात पदर कोंबला आणि ती खोलीबाहेर गेली.

एक्स-रे आला. मणक्याचं हाड दोन्ही बाजूंनी तुटलेलं होतं, कालपरवाचं नव्हे, चांगलं जुनं. त्यावर उचललेल्या वजनांनी वरचा मणका पुढे सरकला होता आणि पायाची नस दाबत होता.

"एवढे दिवस ही चालली कशी?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अहो, मोठी माणसं यात कूस बदलताना ओरडतात."

आणि लिहायला लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे : हे ऐकताच लिफ्टवाल्याची छाती अभिमानाने फुगली. मोठी माणसं ओरडतात, माझी पोरगी नाही! आता हे बाकावर कधी सांगतो असं त्याला झालं.

"वजन आता जन्मात नाही," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "ऑपरेशन करावं लागेल. पाय पहिल्यासारखा होईलच, असं मी म्हणणार नाही."

मुंगीला चाकाच्या खुर्चीत बसवून वरच्या वॉर्डात न्यायला निघाले. लिफ्टमध्ये आधीच माणसं होती. मुंगी आत गेली, आई गेली, लिफ्टवाल्याने पाय ठेवला आणि घंटा वाजू लागली. दार मिटेना.

"एक जण बाहेर व्हा," सवयीने लिफ्टवालाच ओरडला. "घंटा झाली की झाली! त्यात वाद नाही. उगाच तिला वाजवत ठेवू नका."

सगळ्यांनी त्याच्याकडेच पाहिलं. तो बाहेर झाला. घंटा थांबली, दार मिटलं, बायको आणि पोर वर गेली. तो तिथेच उभा राहिला. नंतर दोनदा रिकामी लिफ्ट खाली आली. तो चढला नाही. भिंतीला टेकून, तोंडावर ग्रीसचे हात धरून तो हुंदके देत होता. एक वॉर्डबॉय त्याला म्हणाला, "काका, लिफ्ट चालू आहे हो."

ऑपरेशन झालं. पायात ताकद आली, अर्धीच. मग एका संध्याकाळी लिफ्टवाला पुन्हा टायरच्या दुकानावरचा जिना चढला.

"माझ्या पोरीचा कणा तुटलाय," तो हॉलच्या मधोमध जाऊन म्हणाला. "तिला दुखत होतं. महिनोन् महिने दुखत होतं."

सर लगबगीने पुढे आले. त्यांनी लिफ्टवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला कोपऱ्यात नेऊन खुर्चीवर बसवलं आणि पंखा वळवला. आवाजात माया होती. "यांना दुखतंय," ते पोरांना म्हणाले. "चला. पन्नास."

"नाही! थांबा!" लिफ्टवाला ताडकन उठला. "हे चूक आहे, हे—"

"अजून दुखतंय," सर म्हणाले. "शंभर."

पोरं खाली-वर होऊ लागली. तो एकेकाचे खांदे धरायला धावला. त्याच्या हाताखालून पोरं खाली जात, वर येत. त्याने तोंड उघडलं की सर आकडा वाढवत. बाकावरून कुणीतरी म्हणालं, "अहो, आमच्या पोरांना कशाला शिक्षा?" आणि दुसरं कुणीतरी, सवयीने, टाळ्या वाजवत होतं.

मागच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी त्याच्या कानाशी कुजबुजली, "काका, तुम्ही गप्प बसा ना. पाय दुखतायत."

बोलली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"कोण बोललं?" सरांनी विचारलं.

बाकावर औषधांच्या दुकानातल्या बाईंचे टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. आवाज त्यांनी ओळखला होता. त्या उठल्या, रांगेत शिरल्या आणि मुलीचा दंड धरला.

"आई, नको ना! सगळ्यांना काढाव्या लागतील. सगळे माझ्यावर चिडतील."

एवढी घोडी झालेली पोर बाईंनी कडेवर घेतली आणि जिना उतरू लागल्या. हॉलमध्ये मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.

लिफ्टवाला बाकाकडे गेला. बाईंच्या रिकाम्या जागेवर, कारकुनाला अगदी खेटून तो बसला. आवाज न चढवता, समोरच्या रांगांकडे बोट दाखवत त्याने विचारलं,

"यातलं तुमचं कोणतं?"