राखीव बाटली

मोजणीदाराने चौथी बाटली खिडकीच्या उजेडात धरली, बुचावरची लाखेची मोहोर अंगठ्याने चाचपली आणि वहीत वेळ लिहिली : दहा वाजून सतरा मिनिटे.

"सव्वादहा लिहा की," बाई टेबलावरून म्हणाल्या. "दोन मिनिटांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

"मग सतरा लिहिल्यानं तरी काय बिघडतंय?"

"तुम्ही न्यायला आलेल्या यमालाही अक्षांश-रेखांश विचाराल."

तो हसला नाही, पण बोलणं त्याला आवडलं. एकतीस वर्षं जमिनी मोजून निवृत्त झाल्यावर तो गावोगावचं पाणी तपासणाऱ्या या संस्थेत आला होता. संस्था म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक जुना फ्रिज, तो आणि निम्मं आयुष्य शाळेत शिकवण्यात घालवलेल्या बाई.

कारखान्याभोवतीच्या सात विहिरींत शिसं सापडलं होतं. प्रत्येक विहिरीच्या दोन बाटल्या भरल्या होत्या : एक प्रयोगशाळेत गेली, दुसरी राखीव म्हणून फ्रिजमध्ये. कारखान्याने आकडा अमान्य केला, तर सोमवारच्या सुनावणीत दोन्ही पक्षांसमोर राखीव बाटली उघडायची. बाटली नसेल तर आकडा बाद. अहवाल गेल्या आठवड्यात दाखल झाला होता आणि नियमाप्रमाणे एक प्रत कारखान्यालाही गेली होती. विहिरीच्या मालकांनी एकच गोष्ट मागितली होती : नाव नको. अहवालात कुठेही नाव नव्हतं. बाईंनी तीनदा वाचून खात्री केली होती.

जिन्यावर पावलं वाजली. दारात चौथ्या विहिरीचा मालक उभा होता. तो कारखान्यातच पंप चालवायचा. आज अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

"या, या. आज कामावर नाही गेलात?"

"सुट्टी दिली साहेबांनी. भरपगारी."

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. बाईंनी पुढे केलेल्या पाण्याच्या पेल्याला त्याने हात लावला नाही.

"काल साहेब घरी आले होते," तो म्हणाला. "हातात मोबाईल. त्यात बघत अंगणात दोन पावलं पुढे, एक मागे, असं करत बरोबर विहिरीच्या काठाशी येऊन थांबले. म्हणाले, नकाशा फार सुरेख काढलाय."

मोजणीदाराचा हात फ्रिजच्या मुठीवर तसाच राहिला. नकाशावर प्रत्येक विहिरीचे अक्षांश-रेखांश त्यानेच घातले होते, दशांशचिन्हापुढे सहा आकडे. चूक झालीच तर हातभर, त्याहून जास्त नाही, असं त्याने बाईंना अभिमानाने सांगितलं होतं. बाईंनी अहवाल ओढून नकाशाचं पान काढलं. त्यांचं बोट चौथ्या ठिपक्यापर्यंत गेलं आणि थांबलं. त्यांनी मोजणीदाराकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"धमकी दिली का त्यांनी?" बाईंनी विचारलं.

"छे हो. फार गोड बोलले. धाकटीला म्हणाले, शाळेला कुठल्या वाटेनं जातेस बाळ? ती सांगायला लागली, तर पुढची वळणं त्यांनीच सांगितली."

खाली दुकानात टायरवर हातोडा पडत होता.

"आपण पोलिसांत जाऊ. आत्ताच्या आत्ता," बाई म्हणाल्या.

"जाऊ की. पण संध्याकाळी तुम्ही तुमच्या घरी जाणार, मी माझ्या." त्याने तळवे मांडीवर पुसले. "मला ती दुसरी बाटली द्या, बाई. राखीव."

"राखीव बाटलीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. पान नऊ. कार्यालयातला फ्रिज, वरचा कप्पा. साहेबांनी वाचून दाखवलं."

कामाची पद्धत लपवायची नाही, हा बाईंचा आग्रह होता. कशी बाटली भरली, कुठे ठेवली, कोणी पाहिली, सगळं लिहायचं. म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा उरत नाही.

"तेच पाणी तुमची धाकटी पिते," मोजणीदार म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"ते मला शिकवू नका. ठिपका तुम्ही काढलात." पंपवाला प्रथमच त्याच्याकडे बघून बोलला. मग पुन्हा खाली बघत म्हणाला, "टँकर पाठवतो म्हणालेत. आमच्या दारापुरता."

शेवटी बाई उठल्या आणि मोजणीदाराच्या जवळ आल्या.

"द्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एक गेली तरी सहा राहतात. सहांवर सुनावणी टिकेल."

त्याने मनात हिशेब केला. टिकली असती. त्याने फ्रिज उघडला, चौथी बाटली काढली, वहीतल्या तिच्या ओळीपुढे 'मालकास परत' असं लिहिलं आणि वही पुढे सरकवली. पंपवाल्याने सही केली. बाटली रुमालात गुंडाळून त्याने शर्टाच्या आत धरली. गार काच पोटाला लागली तसा तो दचकला.

"सांभाळून राहा," बाई म्हणाल्या. "काही लागलं तर फोन करा. कधीही."

त्याने मान हलवली. दारापाशी जाऊन चप्पल घातली, एक पाय जिन्यावर ठेवला आणि मागे वळला.

"मग पुढच्याला पाठवू?"

"कोणाला?"

"बाकीचे सहा जण खाली गाडीत बसलेत," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, एकदम गर्दी करू नका. एकेकानं वर जा."