माझं तोंड दक्षिणेला

मी उतार बोलतोय. दगडांचा, बरड, रंग उडालेला. समोर बर्फाचे डोंगर आहेत, त्यामुळे माझ्याकडे कुणी बघत नाही. त्याचं मला काही नाही. पण ज्यांचं पोट माझ्यावर चालतं त्यांनीही बघू नये, याचा राग आहे.

माझी माती वीतभर. काही ठिकाणी त्याहून कमी. खाली कातळ. मातीतही निम्मे दगडच, आणि प्रत्येक दगडाच्या पोटाला चुन्याचं पांढरं पुट. पावसाचं पाणी चुना खाली नेतं, दगडाच्या पोटाशी ठेवतं आणि स्वतः आटून जातं. कातळाचा भुगा, वाऱ्यानं आणलेली धूळ आणि मेलेली मुळं यांतून ही माती झाली. किती वर्षं लागली ते मोजायला तेव्हा माणूसच नव्हता.

पाणी माझ्याजवळ टिकत नाही. जून सरता सरता गवत पिवळं पडतं. नांगर माझ्यावर कधी चालला नाही. पण एक गोष्ट मला जमते, ती खालच्या काळ्या जमिनीला जमत नाही. मार्चचं ऊन पडलं की माझे दगड तापतात आणि सगळ्यात आधी माझ्यावरचं बर्फ वितळतं. दरीत गुडघाभर बर्फ असताना माझ्यावर बोटभर गवत असतं. मेंढ्या नेमक्या तेव्हाच वितात, आणि घरचा वाळला चारा नेमका तेव्हाच संपलेला असतो.

ऊलकान आपाच्या मेंढ्या माझ्यावर वितात. आपा म्हणजे आई, पण सारी दरी तिला आपाच म्हणते. तिच्या सासऱ्याच्या आधीपासूनची रीत आहे. एप्रिलमध्ये यायचं, पाच आठवडे चारायचं आणि मग वरच्या कुरणात निघून जायचं. शरदात थंडीनं माझ्यावरच्या दवण्याच्या झुडपांचा कडूपणा उतरला की मेंढ्या ती खातात, म्हणून परतताना दोन दिवस थांबायचं. जून ते ऑगस्ट, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, माझ्यावर कुणी राहायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पाळलं जात होतं.

गेल्या वर्षी माझ्या पायथ्याचा रस्ता डांबरी झाला आणि आपाच्या मुलाला, कुबातला, कल्पना सुचली. तंबू वर न्यायचाच नाही. इथेच, रस्त्याकडेला, घोड्या दुहायच्या आणि त्या दुधाचं आंबट कुमिस गाडीवाल्यांना पाजायचं.

"वर आपलं कुमिस पिणार कोण, आपा? गरुड?" तो म्हणाला.

आपानं सांगितलं, हा उतार मेंढ्यांचा एप्रिल आहे, उन्हाळ्यात याला हात लावत नाहीत.

"हात लावण्यासारखं आहे काय इथे? दगड आहेत. दगड काय कमी होणार आहेत?"

"दगड नाही होणार. तुमचं डोकं तेवढं कमी होतंय," त्याची बायको झिपारा सामान उतरवता उतरवता म्हणाली. सगळे हसले आणि तंबू उभा राहिला.

शिंगरं बांधायचा लांब दोर दोन मेखांवर ताणतात. कुबातनं मेख ठोकली. वीतभर गेली आणि टणकन वाजली. दुसरीकडे ठोकली, तिथेही तेच. शहाणा माणूस तिथेच थांबला असता. यानं पहार मागून आणली आणि कातळाच्या भेगांत मेखा घातल्या. माझ्यावरच्या झुडपांची मुळं त्याच भेगांत होती.

शिंगरं दिवसभर दोराला. घोड्या दिवसातून सहा वेळा दुहायच्या, त्यामुळे त्याही लांब जात नाहीत. त्याच जागी फिरतात, त्याच जागी पाय आपटतात. आठवडाभरात तिथलं गवत मुळापासून गेलं.

मग त्याला पाटी हवी झाली. रस्त्यावरून दिसेल अशी, उतारावर दगडांनी मांडलेली, माणसाहून उंच अक्षरं. 'कुमिस.' त्यानं माझ्यातून दगड उपटायला सुरुवात केली. एक उलटा केला तर पोट पांढरं. त्याला केवढा आनंद झाला. त्यानं आईला हाक मारून दाखवलं की देवानं आधीच चुना लावून ठेवलाय, रंगाचा खर्चही नाही. दोनशेच्या वर दगड काढले. ते दगड माझं छप्पर होते. माती धरून होते, ओल झाकून होते. हे त्याला सांगणार कसं?

गाड्या थांबल्या, हे खरं. लोक कुमिस प्यायले, अक्षरांपुढे उभं राहून फोटो काढून गेले.

जुलैत एका दुपारी ढग फुटला. तासभरच. पण उपटलेल्या प्रत्येक दगडाच्या खड्ड्यातून पाणी आत शिरलं आणि मी वाहायला लागलो. रस्त्याच्या गटारात गेलो. दुसऱ्या दिवशी एका मजुरानं फावड्यानं मला उचलून नदीत टाकलं. कुबात तंबूच्या दारातून बघत होता. म्हणाला, बरं झालं, अक्षरं धुऊन निघाली.

या एप्रिलला आपा साठ मेंढ्या घेऊन आली. ऊन वेळेवर पडलं, बर्फही वेळेवर गेलं. मी माझं काम चुकवलं नाही. पण अर्ध्या अंगावर नुसती खडी होती. मेंढ्या खडी हुंगत फिरल्या. सडांत दूध उतरेना. कोकरं तोंड लावायची आणि सोडून द्यायची. झिपारानं बाटलीनं गाईचं दूध पाजलं, ते पुरलं नाही. पहिल्याच आठवड्यात अकरा कोकरं गेली.

जिनं आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही ती ऊलकान आपा ओढ्यापलीकडच्या माम्बेतकडे गवत मागायला गेली. त्यानं हो म्हटलं. मेंढ्या हलवायच्या सकाळी ती माझ्यावर गुडघे टेकून बसली आणि मातीत बोटं खुपसली. दुसऱ्या पेरापाशी दगड लागला.

कुबात मागे उभा होता. म्हणाला, "आपा, यंदा तंबू जरा पलीकडे लावू. तिकडे अजून चांगले दगड आहेत."

ती उठली. हात झटकले.

"घोड्या माझ्या आहेत. त्या वर जातील. तू राहा इथे, दगडांची धार काढत."

तोही वर गेला. तोंड पाडून, पण गेला.

आता जून आहे आणि मी मोकळा आहे. मला खत नको, पाणी नको, कीव तर नकोच. शरदापर्यंत माझ्यावर पाय ठेवू नका, एवढंच. नदीत गेलं ते ऊलकानच्या हयातीत भरून निघणार नाही, तिच्या पणतवंडांच्याही नाही. पण उरलं आहे तेवढ्यावर पुढच्या एप्रिलला दरीतलं पहिलं गवत मीच देईन. साठ मेंढ्यांपुरतं नसेल.

वीस आणा.