फुंकरबाबांचं पांढरं पाणी

"फुंका! अजून जोरात! बघा, बघा, उतरलं!"

आणि अख्खा हॉल आ वासून बघत राहायचा. टेबलावर काचेचा पेला, त्यात नितळ पाणी, पाण्यात नळी. मूत्रपिंडं निकामी झालेला माणूस नळीतून फुंकायचा आणि पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं.

"हे तुझं विष," फुंकरबाबा म्हणायचे. "हेच कातडीखाली वळवळत होतं. मशीन रक्त धुतं रे बाळा, विष कोण धुणार?" मग अंगावर अर्धा तास गार ओलं फडकं. माणूस उठायचा तो हसतच.

त्या रांगेत माझा धाकटा भाऊ होता. घड्याळं दुरुस्त करणारा, दीड वर्ष डायलिसिसवर. त्याच्या रक्तातले आकडे सगळ्यांना पाठ. पण पाठीला, पोटऱ्यांना, तळहातांना चोवीस तास खाज सुटते, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. "किडनीच्या डॉक्टरांना कातडीचं काय सांगायचं, ताई?" असं म्हणून तो कंगव्यानं पाठ रक्ताळेपर्यंत खाजवायचा. चिमट्यातून स्क्रू निसटायचे. बाबांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "कुठं खाजतं?" तिथंच तो त्यांचा झाला.

आता चार डायलिसिस चुकवून बसला होता. सुजून पायांचे खांब झाले होते.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. सव्वीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या आहेत. पेल्याच्या काठाला धरलेली पांढरी कड बघितली आणि ओळखलं.

"बाबा, मी फुंकू?"

"तुम्ही रोगी नाही."

"म्हणूनच तर."

नळी ओढून घेतली, नव्या पेल्यात फुंकलं. पाणी पांढरं!

"बाईतही विष आहे!" बाबा गरजले. मंडळी हसली.

"असेल. मग तुम्ही फुंका."

"आमचं सकाळपासून मौन आहे."

"मग मघापासून बोलतंय कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

पेले भरायला बाबांचे मेहुणे होते, चांगले धडधाकट. म्हटलं, "दाजी, तुम्ही तरी मान राखा." दाजी फुलले आणि फुंकले. पांढरं!

"ही चुन्याची निवळी आहे," मी म्हटलं. "चुना पाण्यात ढवळायचा, गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं. कुणाच्याही श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यात गेला की ते पांढरं होतं. शाळेतली पोरं करतात हे. आणि गार फडक्यानं कुणाचीही खाज घटकाभर दबते. विष जिथल्या तिथं आहे."

एक आजी म्हणाल्या, "कळलं हो. आता सरका, माझा नंबर आहे."

मी भावाचा हात धरला. "चल सोन्या, रिक्षा उभी आहे."

"मला पहिल्याच दिवशी शंका आली होती, ताई. यंत्रांची पोटं उघडणारा माणूस मी."

"मग?"

"तिथं चार तास मशीनला बांधतात, आणि खाज तिथंच जास्त. इथं अर्धा तास तरी सुटतो. तेवढा नको काढून घेऊस."

तो आला नाही. तिसऱ्या दिवशी छातीत पाणी भरून गेला.

डॉक्टर म्हणाले, "खाज होती? कधी बोलला नाही. खाज वाढवणारा रक्तातला फॉस्फरस आवरला असता, गोळ्या दिल्या असत्या. सगळी नसती गेली कदाचित, निम्मी तरी."

"तुम्ही कधी विचारलंत का?"



हॉल अजून भरतो. मी दारात उभी राहून निवळीची गोष्ट सांगते. लोक माना डोलावतात आणि आत जातात.

माझा देवावर पूर्ण भरवसा आहे, म्हणून हात जोडूनच सांगते. ज्यानं श्वास दिला, त्यानंच पारखून बघायची बुद्धी दिली. ती वापरणं म्हणजे त्याचा अपमान नव्हे. कुणी चमत्कार दाखवला, तर आधी निरोगी माणसावर करून बघा. आणि घरात कुणी डायलिसिसवर असेल, तर आज जेवतानाच विचारा, खाजतं का. जे सांगेल ते डॉक्टरांना लिहून घ्यायला लावा.

मी विचारलं नव्हतं.