काखेतला चेंडू

काचेच्या कारखान्याच्या अंगणात दुपारच्या सुट्टीत एवढी गर्दी झाली, की लोकांचे डबे उघडायचेच राहिले. मध्ये खुर्चीवर नाडीबाबा. फोरमनने त्याचं मनगट धरलेलं.

"आता रक्ताला थांब म्हणतो," बाबाने डोळे मिटले.

फोरमनचा चेहरा उतरला. "नाडी खरंच बंद पडली रे."

लोक पाया पडू लागले, माझी वहिनी सगळ्यांत पुढे. मी म्हटलं, मग बाबा काय बॅटरीवर चालतात? कोणी हसलं नाही.

तेवढ्यात आत काच फुटली. माझा दादा हात धरून बाहेर आला. कोपराखाली खोल चिरलं होतं, रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या.

"गाडी काढा," मी म्हणालो.

"आधी बाबा," वहिनी म्हणाली.

बाबाने दादाच्या मनगटाला लाल दोरा बांधला आणि पुटपुटायला लागला. रक्त उडतच राहिलं. दादाचे ओठ पांढरे पडले.

"कोणाच्या तरी मनात शंका आहे, म्हणून रक्त ऐकत नाही," बाबा म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं डोकं फिरलं, पण करायचं काय ते मलाही कळेना.

कारखान्याची सिस्टर गर्दी ढकलत आली. आयुष्य लष्करी इस्पितळात काढलेली बाई. तिने वहिनीची ओढणी ओढून रुंद घडी केली, जखमेच्या वर दंडाला आवळली, गाठीत माझ्या खिशातला स्क्रूड्रायव्हर अडकवला आणि पिळायला लागली. दादा कळवळला.

"सोडा हो, हात जाईल त्यांचा," वहिनी रडत म्हणाली.

"हाताचं नंतर बघू. आधी माणूस."

आणखी एक पीळ. रक्त थांबलं. सिस्टरने डॉक्टरांना कळावी म्हणून दादाच्या कपाळावर पेनाने पीळ दिल्याची वेळ लिहिली. "डॉक्टरांशिवाय कोणी सैल करायचं नाही."

"शेवटी दोरा लागू पडला," बाबा म्हणाला.

सिस्टर वळली. "बाबा, हात वर करा."

बाबा हलेना. फोरमनने त्याचा हात उचलला, तसा झग्यातून रबरी चेंडू पडला आणि घरंगळत दादाच्या रक्तात जाऊन थांबला.

"काखेतली रक्तवाहिनी दाबली की मनगटाला नाडी लागत नाही," सिस्टर म्हणाली. "मीही दाबच दिला. दोऱ्याने तो येत नाही."

वहिनी बाबासमोर जाऊन उभी राहिली. "म्हणजे रक्त कशाने थांबतं हे तुला ठाऊक होतं. तरी माझ्या नवऱ्याला दोरा बांधलास?"

बाबा झगा सावरत गर्दीतून मागे सरकला.

दादा वाचला, हातही राहिला. दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. सिस्टरने आम्हा सगळ्यांना तो पीळ शिकवला, आणि वहिनीचा सगळ्यांत घट्ट बसतो. तुम्हीही शिका, अवघड नाही. आणि कोणी चमत्कार मांडून बसला, तर हात जोडण्याआधी त्याला हात वर करायला सांगा.