पुंडलिकरावांचा आवाज मी बंद केला

मित्रांनो, मी एक जुना ब्लू-रे प्लेअर आहे. नाव अवघड वाटत असेल तर नुसते मशीन म्हणा. सौंसरच्या या घरात मला सगळे मशीनच म्हणतात. टीव्हीखालच्या फळीवर, क्रोशाच्या रुमालाखाली माझा मुक्काम असतो. तब्येत तशी ठणठणीत आहे. मन मात्र थाऱ्यावर नाही.

दूरच्या कुठल्याशा कारखान्यात मी घडलो. तिथे माझ्या पोटात डिस्क वाचणारा डोळा बसवला आणि डोक्यात नियम भरले. योगेशने मला नागपूरच्या दुकानातून घरी आणले, तेव्हा त्याचे वडील पुंडलिकराव शाळेत इंग्रजी शिकवायचे. आई देवकाबाईंना मात्र इंग्रजीचा गंध नव्हता. म्हणून इंग्रजी चित्रपट लागला की पुंडलिकराव शेजारी बसून तो आपल्या बोलीत सांगायचे, आणि काय सांगायचे! पडद्यावर परदेशातली नदी दिसली तरी म्हणायचे, "हे तुह्या माहेरची जाम नदी समज, देवका. तो घोडेवाला सावरगावकडून येऊन राहिला."

"मंग?" देवकाबाई विचारायच्या. त्यांच्या 'मंग'शिवाय गोष्ट पुढे सरकतच नसे.

एकदा योगेशने हौसेने ही सगळी गंमत कॅमेऱ्यात टिपली. सोफ्यावर आई-बाबा, आणि मागे चित्रपटाचा आवाज. त्याची डिस्क बनवून त्याने माझ्या पोटात घातली. सगळे पोट धरून हसले. पुढे कॅमेरा बिघडून भंगारात गेला, आणि एका हिवाळ्यात पुंडलिकरावही गेले. उरली ती डिस्क, आणि ती वाजवणारा मी.

शनिवारी जामसांवलीला मारुतीचे दर्शन घेऊन आल्या की देवकाबाई चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसायच्या. पुंडलिकराव पडद्यावर गोष्ट सांगायचे, आणि पडद्यावरच्या स्वतःबरोबर सोफ्यावरच्या देवकाबाईही "मंग?" म्हणायच्या. त्या वेळी मला फार बरे वाटायचे, मित्रांनो. कारखान्यात कुणी सांगितले नव्हते की आपण इतक्या कामाचे आहोत.

मागच्या दिवाळीत योगेश आईसाठी नव्या चित्रपटाची डिस्क घेऊन आला. ती मला काही केल्या उघडेना. चोरून नकला काढता येऊ नयेत म्हणून अशा डिस्कला कुलूप असते, आणि ते कुलूप बदलत राहते. माझ्याजवळची किल्ली जुनी झाली होती. आधी अपडेट करा, अशी सूचना पडद्यावर आली. योगेशने मोबाईलचे नेट जोडले आणि खालचा मजकूर न वाचता 'हो' दाबले.

"पाह्य आई, मशीन नवीकोरी झाली," तो म्हणाला. मीही जरा फुशारलो. नव्या किल्लीबरोबर एक नवा पहारेकरी माझ्या डोक्यात येऊन बसला आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक? नवा चित्रपट झकास चालला, आणि योगेश नागपूरच्या बसने परत गेला.

शनिवार आला. देवकाबाईंनी आपली डिस्क लावली. पुंडलिकराव रंगात आले. "आता पाह्य देवका, तो घोड्यावरून उतरला, आणि..."

आणि आवाज बंद पडला.

काय झाले ते सांगतो. दुकानातल्या काही चित्रपटांच्या आवाजात एक गुप्त खूण मिसळलेली असते. माणसाच्या कानाला ती कळत नाही. घरी बनवलेल्या डिस्कवर ती सापडली की चोरीची नक्कल समजून आवाज बंद करायचा, असा पहारेकऱ्याचा हुकूम आहे. पुंडलिकरावांच्या मागे तसलाच खुणेचा चित्रपट वाजत होता! मी आतल्या आत पुष्कळ धडपडलो, पण माझे काही चालले नाही.

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. देवकाबाईंना वाटले, हे रुसले. रागावले की पुंडलिकराव असाच अबोला धरायचे. "काहून जी, नवा शिनेमा पाह्यला म्हणून?" मग सवयीने शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून म्हणाल्या, "हे काय लिहून आहे जी?"

इंग्रजी वाचून सांगणारा माणूस पडद्यावर नुसते ओठ हलवत होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्यांनी योगेशला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पडद्यासमोर धरला. त्याने ओळ वाचली. "आई, ही चोरीची नक्कल आहे म्हणते मशीन. म्हणून आवाज बंद केला."

"चोरी? कोणाची रे बाप्पा? माह्या घरच्या माणसाचा आवाज आहे तो."

"ते अपडेट आता काढता येत नाही, आई. मीच 'हो' दाबलं. सुट्टी भेटली का येतो, डिस्क दुसरीकडं लावून पाहू."

"अन् तवरी?" देवकाबाईंनी विचारले.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना आपले-परके कळत नाही. डोक्यात जे भरले तेच आम्ही करतो. तेव्हा 'हो' दाबण्याआधी नीट वाचा, आणि घरातल्या माणसांचे आवाज एकाच डिस्कवर सोडू नका, त्यांची आणखी एक प्रत कुठेतरी जपून ठेवा. माझे एवढेच मागणे आहे.

योगेशला अजून सुट्टी मिळालेली नाही. देवकाबाई शनिवारी डिस्क लावतात. सुरुवातीचा भाग मला वाजवता येतो, तो मी जीव तोडून वाजवतो. "तो घोड्यावरून उतरला, आणि..." एवढे म्हणून पुंडलिकराव गप्प होतात. देवकाबाई कप खाली ठेवतात, पडद्याकडे बघतात आणि म्हणतात, "मंग?"